डाफ्ट पंकचा 'डिस्कव्हरी': कापलं कुठे, जोडलं कसं आणि ऐकायचं कशावर

पहिला अल्बम गाजला की दुसरा त्याच साच्यात काढावा, असा सल्ला कुठल्याही गटाला मिळतो. पॅरिसच्या डाफ्ट पंक या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जोडीने तो मानला नाही. १९९७ चा 'होमवर्क' हा सरळ नाचाच्या फरशीसाठी केलेला अल्बम होता: एक खरखरीत धून, एक ठेका, आणि सहा-सात मिनिटं त्याच्यावरच स्वारी. चार वर्षांनी, मार्च २००१ मध्ये, व्हर्जिन या रेकॉर्ड कंपनीने 'डिस्कव्हरी' बाजारात आणला तेव्हा त्यात मुखडा होता, अंतरा होता, गिटारचे पल्लेदार तुकडे होते आणि उघड उघड गोड चाली होत्या. १४ गाणी, सुमारे ६१ मिनिटं. त्या वेळी बऱ्याच समीक्षकांनी नाकं मुरडली. पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाने १० पैकी ६.४ गुण दिले होते, आणि २०२१ मध्ये जुन्या गुणांची फेरतपासणी करताना त्याच अल्बमला पूर्ण १० दिले.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हा अल्बम विकत घेण्याच्या लायकीचा आहे, आणि सलग ऐकण्याच्या लायकीचा त्याहून जास्त. पण लोक त्याची तारीफ ज्या कारणासाठी करतात, ते कारण मला अर्धंच पटतं. 'रोबोटचा आवाज', 'भविष्याचं संगीत' वगैरे ठीक आहे. यातली खरी कारागिरी कापाकापीची आहे. जुन्या तबकडीवरचा नेमका कुठला तुकडा उचलायचा, तो कुठे तोडायचा आणि तोडलेल्या कडा कशा शिवायच्या, हे काम इतकं बारीक झालंय की मूळ गाणं शेजारी ठेवून ऐकलं की अल्बमबद्दलचा आदर कमी होत नाही, वाढतो.

थॉमा बँगाल्टर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो हे दोघंच या गटात होते (गट २०२१ मध्ये फुटला). १९९८ ते २००० या काळात, मुख्यतः बँगाल्टरच्या पॅरिसमधल्या घरच्या स्टुडिओत हे काम झालं. 'वन मोअर टाइम' ज्या तुतारीच्या लूपवर (पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या तुकड्यावर) उभं आहे, तो एडी जॉन्सच्या 'मोअर स्पेल ऑन यू' मधला. 'डिजिटल लव्ह' ची सुरुवात जॉर्ज ड्यूकच्या 'आय लव्ह यू मोअर' ची. 'हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर' चा कणा एडविन बर्डसाँगच्या 'कोला बॉटल बेबी' चा. तिन्ही मूळ गाणी १९७९ ची. त्या वर्षी थॉमा चार वर्षांचा होता आणि गी-मान्युएल पाच. हा अल्बम आपल्या बालपणाविषयी आहे, असं दोघं सांगत आले. हे वर्ष पाहिलं की त्याचा अर्थ कळतो. समज येण्याआधी कानावर पडलेलं संगीत त्यांनी उचललं. ते चांगलं की वाईट, भारी की बाजारू, हे ठरवण्याच्या वयाआधीचं. म्हणूनच बॅरी मॅनिलोसारख्या, क्लबवाल्यांनी कधी मनावर न घेतलेल्या गायकाचा तुकडा 'सुपरहीरोज' मध्ये बिनदिक्कत येतो. थॉमाचे वडील डॅनियल वँगार्ड हे स्वतः डिस्कोचे निर्माते, 'डी.आय.एस.सी.ओ.' गाणारा ओटावान हा गट त्यांच्याच हातचा. त्या ओटावानच्या चालींची सावली १९८० च्या दशकातल्या आपल्या हिंदी डिस्को गाण्यांवरही पडली होती, त्यामुळे या अल्बममधलं काहीतरी आपल्या कानाला ओळखीचं वाटलं तर त्यात नवल नाही.

आता 'हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर' जवळून बघू, कारण सगळा अल्बम कसा बांधलाय ते या पावणेचार मिनिटांत दिसतं.

गाण्याचे शब्द म्हणजे १६ छोटे तुकडे, चार-चारचे चार गट. पहिल्या फेरीत पहिला गट येतो, त्यात नुसती क्रियापदं. दुसऱ्या गटात नुसती विशेषणं, म्हणजे गाण्याच्या नावातले चार शब्द. मग तिसरा गट, मग चौथा. अर्थ लागत नाही. कुणीतरी सुटे भाग टेबलावर मांडतंय असं वाटतं. पुढच्या फेरीत पहिल्या गटाचा पहिला तुकडा आणि दुसऱ्या गटाचा पहिला तुकडा शेजारी येतात, मग दुसऱ्याशेजारी दुसरा, आणि एकदम वाक्य तयार होतं. तिसऱ्या-चौथ्या गटाचंही तसंच. वेणीचे दोन पेड आधी वेगवेगळे धरायचे आणि मग गुंफायचे, तसा प्रकार. नवा शब्द एकही आलेला नसतो, तरी ऐकणाऱ्याला काहीतरी उलगडल्याचं समाधान मिळतं. यानंतर तेच तुकडे आणखी कापले जातात, अक्षरांच्या पातळीवर, आणि शेवटाकडे यंत्राचा आवाज गिटारवादकासारखा ताना घेऊ लागतो. म्हणजे सुटे भाग, जोडणी, आणि मग जोडलेल्या यंत्राची मनसोक्त धाव. गाण्याचा विषय कामाचा आहे आणि गाण्याची बांधणीच ते काम करून दाखवते.

हे घरी करून पाहणारे पुष्कळ आहेत आणि बहुतेकांचं एकाच ठिकाणी चुकतं. ते नुसतं ऑटोट्यून, म्हणजे सूर दुरुस्त करणारं यंत्र, लावतात. इथे हवा तो परिणाम व्होकोडर किंवा टॉकबॉक्सच्या घराण्यातला: सूर कीबोर्ड देतो आणि तोंड फक्त अक्षरं देतं. गायकाने कुठल्या सुरात म्हटलं याला काही महत्त्व नसतं. म्हणणं ताठ, एकसुरी आणि स्पष्ट हवं. कीबोर्डचा मूळ आवाज चरचरीत, म्हणजे वरच्या कंप्रतांनी भरलेला लागतो. मऊ, गोल आवाज दिला तर 'स', 'ट', 'क' ही व्यंजनं गिळली जातात आणि नुसते 'आ', 'ए' ऐकू येतात. उपाय सोपा आहे: मूळ बोलण्याचा फक्त वरचा भाग, साधारण ५ किलोहर्ट्झच्या पुढचा, अगदी हळू आवाजात वरून मिसळायचा. शब्द लगेच मोकळे होतात.

याउलट 'वन मोअर टाइम' मध्ये सूर गायकाचाच आहे. न्यू जर्सीचा रोमँथनी. त्याचा गळा चर्चच्या गायकीत मुरलेला, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा. सूर दुरुस्त करणारं यंत्र त्याच्यावर कमाल वेगाने लावलं की मींड तुटून तिच्या पायऱ्या होतात. दुरुस्तीचा वेळ २०-५० मिलिसेकंद ठेवला तर ऐकणाऱ्याला फारसं काही कळत नाही. तो शून्यावर आणला की हा खणखणीत, काचेसारखा आवाज मिळतो. यात एक गोम आहे. गायक मुळात सपाट गाणारा असेल तर पायऱ्या पडायला काही उरतच नाही. यंत्र जितकं निर्दय, तितका गळा जिवंत लागतो. या गाण्यावर तेव्हा जी टीका झाली, 'माणसाचा आवाज मारला' म्हणून, ती मला कधीच पटली नाही. रोमँथनीच्या जागी ताठ आवाज असता तर हे गाणं उभंच राहिलं नसतं.

या गाण्याचा मधला भागही धाडसाचा. पाच मिनिटं वीस सेकंदांच्या नाचाच्या गाण्यात जवळपास दोन मिनिटं ढोल नाहीच. नुसती स्वरांची गादी आणि गाणारा माणूस. घरी ऐकताना हा भाग अल्बमचा प्राण वाटतो. पार्टीत मात्र याच ठिकाणी फरशी रिकामी होते आणि डीजे मंडळी घाबरून वरून दुसरा ठेका चढवतात. चढवायचाच असेल तर लय मिनिटाला बरोबर १२३ मात्रांची लावा. १२२ किंवा १२४ ठेवली तर एका मिनिटात एक पूर्ण मात्रा निसटते, आणि खरा ढोल परत येतो तेव्हा दोन ढोल एकमेकांना लाथा मारतात. त्यापेक्षा सोपं म्हणजे रेडिओसाठी केलेली, चार मिनिटांच्या आतली आवृत्ती वाजवणं. तिच्यात हा भाग कापून लहान केलेला आहे.

फ्रेंच हाउस या नाचाच्या संगीतशैलीची दोन हत्यारं या अल्बममध्ये सर्वत्र वापरली आहेत: फिल्टर आणि कॉम्प्रेसर. फिल्टर म्हणजे 'वन मोअर टाइम' च्या सुरुवातीला भिंतीपलीकडून आल्यासारखी वाटणारी तुतारी. वरच्या कंप्रता अडवायच्या आणि हळूहळू दार उघडायचं. १२३ च्या लयीत एक मात्रा ४८८ मिलिसेकंदांची, म्हणजे चार मात्रांचे १६ बार सव्वाएकतीस सेकंद चालतात. दार उघडायला इतका वेळ दिला तर कान ताणून धरतो. नवखे लोक हे दार हर्ट्झच्या आकड्यांत सरळ रेषेत उघडतात. कान तसं ऐकत नाही. ३०० पासून १०,००० पर्यंत सरळ रेषेत गेलात तर पहिल्या काही सेकंदांतच सगळं उघडून जातं आणि उरलेला वेळ काही घडत नाही. प्रत्येक दुपटीला सारखा वेळ द्यायचा: ३०० ते ६०० ला जितका, तितकाच ६०० ते १,२०० ला.

कॉम्प्रेसरचं काम जास्त नाजूक. चारही मात्रांवर किक, म्हणजे ढोलाचा खालचा ठोका, पडते, प्रत्येक किकबरोबर बाकी सगळं संगीत क्षणभर दबतं आणि पुढच्या किकच्या आत परत वर येतं. श्वास घेतल्यासारखी ही हालचाल या शैलीची सही आहे. ४८८ मिलिसेकंदांच्या आत आवाज परत यायला हवा, त्यामुळे कॉम्प्रेसरने दाब सोडण्याची वेळ साधारण १५० ते ३०० मिलिसेकंदांत बसते. ५०० च्या वर गेलात तर आवाज कधीच पूर्ण वर येत नाही, सगळं नुसतं बसकं आणि मंद वाटतं. ५० च्या खाली आणलात तर श्वासाऐवजी फडफड ऐकू येते. दाब सुरू करण्याची, म्हणजे पकडण्याची वेळही सांभाळावी लागते: एक मिलिसेकंदाच्या आत पकडलं तर किकचं टोकच कापलं जातं, पाच-दहा मिलिसेकंद जाऊ दिले तर ठोका ठणठणीत राहतो आणि बाकीचं त्याच्यामागे दबतं.

तुकडा उचलतानाची एक अडचण सांगायलाच हवी, कारण नक्कल करणाऱ्यांची गाणी बेसूर का लागतात त्याचं उत्तर तिथे आहे. तबकडी जलद फिरवली की लय वाढते तसा सूरही चढतो. समजा मूळ गाणं ११५ च्या लयीत आहे आणि ते १२३ ला आणायचंय. वाढ सात टक्क्यांची. अर्ध्या स्वराला लागतात सहा टक्क्यांपेक्षा किंचित कमी. म्हणजे तुकडा एक अर्धस्वर आणि वर सुमारे १६ सेंट (अर्धस्वराचे शंभरावे भाग) चढला. आता त्याच्यावर नेहमीच्या सुरातली बेसलाइन (खालच्या स्वरांची चाल) ठेवली तर ती कायम खालून खरडत राहणार. तुकड्याप्रमाणे वाद्यं जुळवून घ्यायची, वाद्यांप्रमाणे तुकडा नव्हे. 'डिजिटल लव्ह' मध्ये ड्यूकचा तुकडा आणि त्यावरचं नवं गाणं यांच्यात सांधा सापडत नाही, त्यामागे ही जुळवणी आहे. या गाण्याचे शब्द रचण्यात डीजे स्नीकचा हात आहे. स्वप्नात एका मुलीबरोबर नाचणं आणि जाग आल्यावर ते हातचं निसटणं, इतकीच गोष्ट. शेवटी येणारा लांब सोलो गिटारचा की कीबोर्डचा, हा वाद लोक अजून घालतात. तो अल्बममधला सर्वांत आनंदी दीड मिनिटांचा ऐवज आहे, एवढं मी ठामपणे म्हणेन.

त्याआधीच्या 'एअरोडायनॅमिक' चा उल्लेख ओघात आला तरी पुरेल असं नाही. चर्चच्या घंटेचे संथ टोल, मग नाचरी फंक गिटार, आणि एक मिनिटाच्या सुमाराला दोन्ही हातांनी तारांवर बोटं आपटत वाजवलेली, हेवी मेटलच्या मैफलीतून उचलून आणल्यासारखी गिटार. पुढे ती आणि फंक एकत्र वाजतात. शेवटी सिंथेसायझर तीच वळणं शांतपणे उतरवून दाखवतो. साडेतीन मिनिटांत तीन वेगळ्या दुनिया, आणि कुठेही धक्का बसत नाही.

दुसरा अर्धा भाग संथ आहे, आणि ज्यांना पहिली चार गाणी आवडतात ते इथे गळतात. ही त्यांची चूक आहे असं मला वाटतं. 'नाइटव्हिजन' हा त्याआधीच, पहिल्या अर्ध्यात येणारा पावणेदोन मिनिटांचा विसावा. 'समथिंग अबाउट अस' १०० च्या लयीत चालतं, म्हणजे मात्रा ६०० मिलिसेकंदांची, आणि त्यातला यंत्राचा आवाज अल्बममधला सर्वांत लाजरा, सर्वांत माणसासारखा. 'व्हॉयेजर' ची बेसलाइन गुणगुणता येते, एवढंच तिच्याविषयी सांगितलं तरी पुरे. 'व्हेरिडिस क्वो' मध्ये शब्द नाहीत, ऑर्गनच्या वळणाची एक चाल आहे, चर्चमधल्या जुन्या रचनांची आठवण देणारी, आणि पावणेसहा मिनिटं ती जवळपास बदलत नाही. नाव जरा जलद म्हणून पाहा: 'व्हेरी डिस्को' ऐकू येतं; शब्द उलटे केले की अल्बमचं नाव.

'शॉर्ट सर्किट' विषयी एक सूचना. गाणं अर्ध्यावर आलं की आवाज चिरफाळतो, सूर खाली घसरतात, सगळं बॅटरी संपत आलेल्या खेळण्यासारखं वाजू लागतं. तुमची फाईल खराब नाही आणि स्पीकरही फाटलेला नाही. आवाजाचे आकडे मुद्दाम कमी बिटांत कोंबले की असंच होतं. नावाप्रमाणे गाण्याची तार जळते.

'फेस टू फेस' वर मात्र थांबायला हवं. हे न्यू जर्सीच्याच टॉड एडवर्ड्सबरोबर केलेलं गाणं, आवाजही त्याचाच. एडवर्ड्सची पद्धत अशी की तो एका गाण्याचा एक लूप घेत नाही. अनेक जुन्या गाण्यांतून क्षणभराचे कण उचलतो: कुठे गिटारचा एक खडा, कुठे गायकाने शब्दाआधी घेतलेला श्वास, कुठे कोरसमधलं एकच अक्षर. मग ते कण सुरांप्रमाणे लावून त्यांचीच नवी चाल विणतो. गोधडी शिवणाऱ्या बाया चिंध्यांचा रंग पाहून जागा ठरवतात, तसं. हेडफोनवर ऐका, पहिल्या कडव्यामागे कान द्या. गायकाच्या मागे जे वाजतंय ते एक वाद्य नाही, दहा-बारा वेगवेगळ्या खोल्यांत ध्वनिमुद्रित झालेले कण आहेत, आणि प्रत्येकाभोवती त्याच्या त्याच्या खोलीची हवा चिकटलेली आहे. ही हवा कापून टाकली की कण कोरडे आणि यांत्रिक लागतात. नक्कल करणारे नेमकं तेच करतात: तुकडा 'स्वच्छ' करून घेतात. माझ्या लेखी अल्बममधलं सर्वोत्तम काम हेच, 'हार्डर, बेटर' च्याही वर.

दोषही आहेत. 'क्रेसेंडॉल्स' दी इंपीरिअल्सच्या एका लूपवर उभं आहे आणि साडेतीन मिनिटं त्या लूपला पेलत नाहीत. दोन मिनिटांत संपवायला हवं होतं. 'हाय लाइफ' मध्ये कापाकापी आहे, पण ती कुठे जात नाही. 'सुपरहीरोज' चढत जातं आणि चढतच राहतं. शेवटचं 'टू लाँग' पूर्ण दहा मिनिटांचं. त्यात रोमँथनी पुन्हा येतो, या वेळी आवाज बराच मोकळा, आणि पहिली काही मिनिटं फार सुंदर आहेत. सहाव्या मिनिटानंतर मात्र एकच गोष्ट फिरत राहते. पहिल्या गाण्यात ज्याच्या गळ्याच्या पायऱ्या केल्या, त्याच गायकाला शेवटी मोकळा सोडणं ही कल्पना चांगली. लांबी तिला साथ देत नाही.

अल्बमबरोबर त्याचा चित्रपटही पाहायला हवा. जपानच्या लेइजी मात्सुमोतो यांच्या देखरेखीखाली तोएई अ‍ॅनिमेशनने २००३ मध्ये 'इंटरस्टेला ५५५५' केला. त्यांच्या अंतराळवीर चाच्याची मालिका 'अल्बातोर' या नावाने फ्रेंच टीव्हीवर लागायची आणि ती पाहतच हे दोघं वाढले. चित्रपटात संवाद नाहीत. अल्बममधली सगळी गाणी त्याच क्रमाने वाजतात आणि निळ्या कातडीच्या एका परग्रहवासी वाद्यवृंदाच्या अपहरणाची गोष्ट पुढे सरकते. 'टू लाँग' ची शेवटची मिनिटं पडद्यावरच्या घडामोडींमुळे सुसह्य होतात, आणि 'नाइटव्हिजन' इतकं आखूड का हेही तिथे पटतं. डिसेंबर २०२४ मध्ये त्याची फोर-के आवृत्ती चित्रपटगृहांत दाखवली गेली.

आता घ्यायचं काय आणि ऐकायचं कसं.

सीडी हा सर्वांत सरळ मार्ग. ६१ मिनिटं एका सीडीत आरामात मावतात. जुनी सीडी घेत असाल तर आत 'डाफ्ट क्लब' चं कार्ड आहे का पाहा. त्या कार्डावरच्या क्रमांकाने इंटरनेटवरून जादा गाणी उतरवता यायची. ती सेवा २००३ मध्येच बंद झाली आणि त्यातली बरीच गाणी त्याच वर्षी 'डाफ्ट क्लब' या वेगळ्या अल्बममध्ये आली. म्हणजे कार्डाला आता फक्त संग्राहकाची किंमत. त्यासाठी कुणी दुप्पट पैसे मागत असेल तर ऐकण्यासाठी घेणाऱ्याने देऊ नयेत. आतल्या पानावरची श्रेयनामावली मात्र सावकाश वाचा. मास्टरिंग, म्हणजे तयार ध्वनिमुद्रणावरचा शेवटचा संस्कार, यासमोर निलेश पटेल हे नाव दिसेल. लंडनच्या 'दी एक्स्चेंज' मध्ये त्यांनी 'होमवर्क' आणि 'डिस्कव्हरी' या दोन्हींवर शेवटचा हात फिरवला होता. इतका दाबलेला, भरगच्च आवाज असूनही किक मोकळी राहते, याचं बरंचसं श्रेय त्यांचं.

फोनवर ऐकणार असाल तर चार गोष्टी बघा. क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळणारी सोय, बंद करा. तो पाच-सहा सेकंदांवर असेल तर 'एअरोडायनॅमिक' चे घंटेचे टोल मागच्या गाण्याच्या शेपटीखाली बुडतात. आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारी सोय 'अल्बम' वर ठेवा, 'ट्रॅक' वर नको. नाहीतर 'नाइटव्हिजन' शेजारच्या गाण्यांइतकं मोठं होऊन येतं आणि विसावा उरत नाही. बास वाढवणारा प्रीसेट लावू नका. हे संगीत आधीच काठोकाठ भरलेलं आहे, त्यात खालून सहा डेसिबल ओतले की वरचं सांडतं: किकबरोबर आवाज फाटतो आणि लोक स्पीकरला दोष देतात. टू पॉइंट वनच्या सेटवर सबवूफरची चकती मध्याच्या थोडी खालीच बरी. आणि १२८ किलोबिटची जुनी एमपीथ्री असेल तर पुसून टाका. फिल्टर उघडतानाची ती सळसळ आणि हाय-हॅटची (ड्रमवरच्या झांजेची) धार कमी बिटरेटमध्ये पाण्याखाली वाजल्यासारखी होते, म्हणजे या अल्बमचं नेमकं जे ऐकायचं तेच जातं.

रेकॉर्डवर हा अल्बम दोन तबकड्यांत, चार बाजूंवर येतो. पहिल्या बाजूवर पहिली तीन गाणी, दुसरीवर 'हार्डर' पासून 'सुपरहीरोज' पर्यंतची चार, तिसरीवर 'हाय लाइफ' ते 'व्हेरिडिस क्वो', चौथीवर उरलेली तीन. पहिल्या दोन बाजू तेरा-चौदा मिनिटांच्या, त्यामुळे खाचा ऐसपैस आणि आवाज दणदणीत. तिसरी पावणेसतरा, चौथी जवळजवळ साडेसतरा मिनिटांची. ही विभागणी ऐकायलाही उपयोगी: पहिली तबकडी नाचाची, दुसरी बसून ऐकायची, आणि मध्ये उठून तबकडी बदलताना तो फरक स्वीकारायला वेळ मिळतो. चौथ्या बाजूला मात्र अडचण आहे. तबकडीच्या कडेला सुईखालून खाच सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते, आत मध्याजवळ तोच वेग २१ वर येतो. तेवढाच आवाज अर्ध्याहून कमी लांबीत कोंबलेला असतो. 'टू लाँग' ची दहा मिनिटं नेमकी त्याच आतल्या भागात आहेत, आणि त्यात रोमँथनीचे 'स', 'श' भरलेले. साध्या गोल टोकाच्या सुईवर ते थुंकल्यासारखे फुटतात. अंडाकृती टोकाची सुई लावा. तिचा कोन आतल्या खाचेवर जुळतोय का, हे कागदी मापपट्टीवर तपासा. वजन कार्ट्रिजबरोबर (सुई बसवलेल्या डबीबरोबर) आलेल्या चिठ्ठीत सांगितलेल्या मर्यादेच्या वरच्या अंगाला ठेवा. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जड सुईपेक्षा जास्त नुकसान करते. एवढं करूनही शेवटच्या दोन मिनिटांत 'स' किंचित खरखरला, तर तो तुमच्या सेटचा दोष धरू नका.